हात उततात ते कशानं? काजूच्या टरफलातल्या तेलाबद्दल वाचकांचे प्रश्न

काजूचा हंगाम संपत आला की या सदराच्या टपालात काजूच काजू असतो. यंदा ओले गर काढणाऱ्या हातांपासून तेलाच्या पिंपापर्यंत सगळं आलं आहे. हे तेल टरफलातलं, खायचं नव्हे. टरफलाच्या बाहेरच्या आणि आतल्या कवचाच्या मध्ये पोळ्यासारखा सच्छिद्र थर असतो आणि त्यात ते भरलेलं असतं, टरफलाच्या वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के. बहुतेक पत्रांना उत्तर देताना आम्हांला आधी उलटा प्रश्न विचारावा लागला: तेल तापवलेलं आहे की कच्चं? तेवढं पत्रात लिहिलं असतं तर निम्मी उत्तरं दोन ओळींत संपली असती.

प्रश्न : आम्ही घरीच ओले काजूगर काढून विकतो. दोन दिवसांत बोटांची सालं निघतात. सासूबाई राख लावायला सांगतात, शेजारीण चुना, कोणी खोबरेल. नक्की काय लावावं? हातमोजे घातले तरी त्रास होतोच. (कुडाळ)

उतवणारं काय असतं ते आधी बघू, म्हणजे राख, चुना आणि खोबरेलाचा निवाडा त्यातूनच होईल.

कच्च्या तेलात ६० ते ६५ टक्के ॲनाकार्डिक आम्ल, १५ ते २० टक्के कार्डॉल आणि दहाएक टक्के कार्डनॉल असतं. तिन्ही फिनॉल वर्गातली, म्हणजे बेंझीनच्या षटकोनी कड्याला हायड्रॉक्सिल गट थेट चिकटलेली. तिघांनाही पंधरा कार्बनांची लांब शेपटी. फरक आहे तो कड्यावर. ॲनाकार्डिक आम्लाच्या कड्यावर एक हायड्रॉक्सिल आणि त्याला लागून एक कार्बॉक्सिल गट, म्हणजे आम्लपणा देणारा गट, असतो. त्याची शेपटी तोडली तर उरेल ते सॅलिसिलिक आम्ल, पायाच्या कुरूपावर लावायच्या पट्टीत असतं तेच. कार्डनॉलवर कार्बॉक्सिल नाही, नुसता एक हायड्रॉक्सिल. आणि कार्डॉलवर दोन हायड्रॉक्सिल, मध्ये एक कार्बन सोडून. हातांचा खरा वैरी हा कार्डॉल. ॲनाकार्डिक आम्ल त्याच्या जोडीला असतं.

शेपटी तेलकट असल्यामुळे हे रेणू त्वचेच्या वरच्या स्निग्ध थरातून सहज आत उतरतात. मग त्रास दोन तऱ्हांनी होतो. एक थेट भाजल्यासारखा: कातडी काळवंडते, कडक होते, सालं निघतात. हे ज्याच्या हाताला भरपूर तेल लागेल त्याला होणारच. दुसरा ॲलर्जीचा: रेणू त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतो, शरीराला ते प्रथिन परकं वाटतं, आणि एक ते तीन दिवसांनी खाज, सूज, पाण्याचे फोड येतात. तुमचा 'दोन दिवसांत' हा हिशेब इथे बरोबर बसतो. ही ॲलर्जी एकदा जडली की पुढच्या हंगामात थोड्या तेलानंही उठते, तेव्हा 'सवयीनं हात घट्ट होतील' या भरवशावर राहू नका.

आता उपाय. खोबरेल किंवा एरंडेल हा सर्वांत शहाणपणाचा. कामाला बसण्याआधी हाताला, नखांच्या कडांना आणि बोटांच्या बेचक्यांत चांगलं चोळा. टरफलातलं तेल या तेलात मिसळून पातळ होतं आणि कातडीपर्यंत कमी पोचतं. पण पंधरा-वीस मिनिटांनी ते जुन्या फडक्यानं पुसून नवीन लावायला हवं. नाहीतर तेच खोबरेल टरफलाचं तेल हातभर पसरवतं. बायका सकाळी एकदाच तेल लावतात आणि दुपारपर्यंत बसतात, तिथे चूक होते.

राखेचं काम दुहेरी. ती तेल शोषते, आणि तिच्यातल्या पोटॅशियम कार्बोनेटमुळे ॲनाकार्डिक आम्लाचा साबण बनतो, जो धुतला जातो. कोरड्या हातानं बी धरायला राख चांगली, फक्त चाळून घेतलेली, बारीक हवी. खडबडीत राखेनं कातडी खरवडते आणि तेलाला वाट मिळते. चुना मात्र नको. तो ॲनाकार्डिक आम्लाला न विरघळणाऱ्या क्षारात बांधतो हे खरं (पुढच्या उत्तरात हाच गुण उपयोगी पडणार आहे), पण कार्डॉलला त्यातून आळा बसत नाही आणि ओला चुना स्वतःच कातडी खातो.

हातमोजे कुठले, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दवाखान्यातले पांढरे रबरी असतील तर ते तेलानं फुगतात आणि तेल आत झिरपतं. नायट्राइलचे घ्या, निळे किंवा काळे मिळतात ते. मोजा काढताना बाहेरची बाजू उघड्या हाताला लागली आणि तोच पुन्हा घातला, तर तेल आत कोंडलं जातं. त्यापेक्षा उघडे हात बरे.

काम संपल्यावर आधी कोरड्या फडक्यानं पुसा, मग खोबरेल चोळून पुन्हा पुसा, आणि नंतर साबण व साधं पाणी. नुसत्या पाण्यानं हे तेल हलत नाही. गरम पाणी आणि घासणी टाळा. विळी किंवा सुरी तेलाच्या फडक्यानं आणि मग साबणानं धुवा. त्याच विळीवर संध्याकाळी भाजी चिरली की ओठ सुजलेले आम्ही पाहिले आहेत. गर काढताना बी उभी चिरून काडीनं गर उचला, टरफलाच्या कापलेल्या कडेला तो घासू देऊ नका. डोळ्याला लागलं, चेहरा सुजला किंवा श्वासाला त्रास झाला तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा.

प्रश्न : बी.एस्सी.च्या प्रकल्पासाठी काजूच्या तेलातून ॲनाकार्डिक आम्ल वेगळं करायचं आहे. कारखान्यातून तेल आणून चुना टाकला, पण साका बसलाच नाही. प्रमाण सांगाल का? (दापोली)

कारखान्यातून आणलेलं तेल तापवलेलं असणार. तापवलेल्या तेलात ॲनाकार्डिक आम्ल जवळजवळ शिल्लक नसतं, मग चुना कोणाला धरणार? टरफलं आणून तेल स्वतः काढा, आणि तीही भाजलेल्या बियांची नकोत. उन्हात वाळवलेल्या कच्च्या बियांची, किंवा फार तर वाफवलेल्या बियांची.

५० ग्रॅम टरफलांचे कात्रीनं तुकडे करा (नायट्राइल मोजे, चष्मा), काचेच्या बाटलीत २०० मि.ली. ॲसिटोनमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, ओतून घ्या, पुन्हा १०० मि.ली. घालून तीच कृती. दोन्ही द्रावणं गाळून ॲसिटोन पाण्याच्या तापकावर उडवा. ऊर्ध्वपातनाची सोय असेल तर उत्तम. उघडी ज्योत खोलीतही नको. तापमान ६० अंशांच्या वर नेऊ नका. बारा ते पंधरा ग्रॅम तपकिरी तेल मिळायला हवं. सात-आठच मिळालं तर तुकडे मोठे राहिले.

आता १० ग्रॅम तेल ६० मि.ली. मिथेनॉलमध्ये विरघळवा, त्या मिथेनॉलमध्ये ५ टक्के पाणी असू द्या. ढवळत ढवळत ५ ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड चिमटीचिमटीनं घाला. एकदम ओतलं तर गोळे होतात आणि गोळ्याच्या आतला चुना कोरडाच राहतो. सगळा घालून झाला की ५० अंशांवर तीन तास ढवळत ठेवा. ॲनाकार्डिक आम्ल कॅल्शियमशी बांधलं जाऊन खाली बसतं. कार्डॉल आणि कार्डनॉल मिथेनॉलमध्येच राहतात, कारण त्यांच्याकडे कार्बॉक्सिल नाही आणि नुसत्या फिनॉलची आम्लता चुन्याला धरून ठेवण्याइतकी नसते. गाळा, गाळणीवरचा साका २० मि.ली. मिथेनॉलनं धुवा, ४५ ते ५० अंशांवर वाळवा.

हिशेब केलात तर चुना गरजेच्या सातपट आहे हे दिसेल. साडेसहा ग्रॅम आम्लाला ०.७ ग्रॅम चुना पुरतो. पण चुना मिथेनॉलमध्ये फारसा विरघळत नाही, दाण्याच्या पृष्ठभागावरच काम होतं, म्हणून जास्तीचा लागतो. पुढच्या पायरीत मात्र हा जास्तीचा चुना आम्ल खातो हे विसरलात की फसलात. साका ४४ मि.ली. शुद्ध पाण्यात कालवून संहत हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबानं घाला. ५ ग्रॅम चुन्याला सुमारे १२ मि.ली. जातं. मि.ली. मोजत बसण्यापेक्षा पीएच पट्टीवर २ ते ३ दिसेपर्यंत घाला. आम्ल कमी पडलं तर निम्मं उत्पादन क्षाराच्या रूपातच राहून फेकलं जातं, आणि बहुतेक प्रकल्पांत 'उत्पादन कमी आलं' ते इथेच. तासभर ढवळून इथाइल ॲसिटेटच्या १५-१५ मि.ली.च्या दोन हप्त्यांनी ओढून घ्या, पाण्यानं धुवा, निर्जल सोडियम सल्फेटवर वाळवा, द्रावक उडवा. सहा ग्रॅमच्या आसपास मिळालं तर हात चांगला बसला म्हणायचा.

मिळालेला पदार्थ एकच रेणू नसतो. शेपटीत एकही दुहेरी बंध नसलेला, एक, दोन आणि तीन दुहेरी बंध असलेला अशा चार भावंडांचं मिश्रण असतं. बंध शेपटीच्या ८व्या, ११व्या आणि १४व्या कार्बनापासून. या बंधांमुळेच मिश्रण पातळ राहतं, नाहीतर घट्ट झालं असतं. खात्रीसाठी अल्कोहोलमधल्या द्रावणात फेरिक क्लोराइडचा थेंब टाका, जांभळी झाक येते. पण ती फिनॉलची खूण आहे, एकट्या ॲनाकार्डिक आम्लाची नव्हे, तेवढ्यावर प्रबंध लिहू नका. पातळ थर वर्णलेखन करणार असाल तर हेक्झेन-इथाइल ॲसिटेटमध्ये थोडं ॲसेटिक आम्ल घाला. नाहीतर आम्लाच्या ठिपक्याला लांब शेपूट फुटतं. कार्डॉल दोन हायड्रॉक्सिलमुळे पट्टीवर खाली राहतो. गाळलेलं मिथेनॉल नाल्यात ओतू नका: त्यात कार्डॉल आहे आणि मिथेनॉल स्वतः विषारी आहे.

प्रस्तावनेत इतिहास हवाच असेल तर हे आम्ल काजूतून प्रथम वेगळं केलं ते श्टेडेलर या रसायनज्ञानं, १८४७ मध्ये. आणि आधुनिक संदर्भ हवा असेल तर २००३ मध्ये बंगळूरुच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातल्या गटानं ते पेशीतल्या हिस्टोन ॲसिटिल ट्रान्सफरेज विकराला रोखतं असं दाखवलं. त्यावरून 'काजूचं तेल कर्करोगावर औषध' असं कोणी सांगू लागलं तर सोडून द्या.

प्रश्न : वाफेवरच्या युनिटमधली टरफलं घेऊन आम्ही एक्सपेलरवर तेल काढतो. गिऱ्हाइकानं दोन पिंपं परत पाठवली, तापवताना फेस येऊन कढईबाहेर जातं म्हणतात. शिवाय आम्ही स्वतः तापवून पाहिलं तर वजन घटतं. भेसळ तर नाही ना कुठे? (सावंतवाडी)

भेसळ नाही. तुम्ही कच्चं तेल विकलंत आणि त्यांना तापवलेलं हवं होतं.

पूर्वी बिया तापलेल्या तेलाच्याच कढईत, १८०-२०० अंशांवर, दोनेक मिनिटं भाजत. त्यातून निघणारं तेल आपोआप तापवलेलं असायचं. वाफेवरच्या पद्धतीत बी शंभराच्या आसपासच राहते, तेवढ्यानं ॲनाकार्डिक आम्ल मोडत नाही. त्यामुळे एक्सपेलरमधून येतं ते बहुतांशी कच्चंच. ते १४० अंशांच्या पुढे गेलं की कार्बॉक्सिल गट कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो आणि मागे कार्डनॉल उरतं. एक किलो कच्च्या तेलात साडेसहाशे ग्रॅम आम्ल धरलं तर त्यातून साधारण ४६ लिटर वायू सुटतो. घट्ट तेलातून एवढा वायू बाहेर पडणार म्हणजे फेस येणारच. आणि वजनात घट येते ती किलोमागे ८० ते ८५ ग्रॅम, वर पाण्याची वेगळी. दोनशे किलोच्या पिंपात सोळा-सतरा किलो. कामगारांवर संशय घेण्याआधी हा आकडा लक्षात असू द्या.

तेल आधी दोन-तीन दिवस उभ्या टाकीत निवळू द्या आणि तळाचा गाळ सोडून वरचं बारीक जाळीतून गाळा. गाळ राहिला तर तो तळाला करपतो. मग टाकी अर्ध्यापेक्षा कमी भरून हळूहळू १०५-११० अंशांवर आणा आणि तडतड थांबेपर्यंत तिथेच ठेवा. हे पाणी जाण्याचं तडतडणं. पाणी असतानाच आच वाढवली तर पाण्याची वाफ आणि वायू एकदम सुटतात, आणि तुमच्या गिऱ्हाइकाच्या कढईचं जे झालं ते होतं. पाणी गेल्यावर १४० ते १५० अंशांवर साधारण तीन तास, सतत ढवळत. बुडबुडे थांबले की काम झालं. थर्मामीटर तळापासून वर, तेलाच्या मध्यावर हवा. घाई म्हणून २०० च्या पुढे नेऊ नका. शेपट्यांतले दुहेरी बंध एकमेकांत गुंतायला लागतात, तेल मधासारखं आणि नंतर रबरासारखं होतं, आणि ते परत पातळ होत नाही. एकदा टाकीत घट्ट झालेलं तेल छिन्नीनं काढावं लागतं.

शेड उघडी हवी. निघणाऱ्या वाफेत कार्डॉल असतो, डोळे आणि चेहरा सुजवतो, आणि कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे बंद खोलीत जमिनीलगत साठतो. टाकी खड्ड्यात बसवलेली असेल तर कोणालाही एकट्यानं खाली उतरू देऊ नका.

माल देण्याआधी तपासणी: चमचाभर तेल स्पिरिटमध्ये विरघळवून चुना घालून ढवळा आणि कोमट ठेवा. भरपूर चिकट साका बसला तर अजून कच्चं आहे. प्रयोगशाळेत आम्लांक (तेलात आम्ल किती ते सांगणारा आकडा) काढून घेतलात तर कच्च्याचा शंभराच्या वर येतो, चांगल्या तापवलेल्याचा त्याच्या एका लहानशा अंशावर. आयएस ८४० या भारतीय मानकात तापवलेल्या तेलाची विशिष्ट घनता ३० अंशांना ०.९५० ते ०.९७०, पाणी जास्तीत जास्त १ टक्का, राख १ टक्का, टोल्यूइनमध्ये न विरघळणारा भाग १ टक्का आणि तापवल्यावरची घट २ टक्के मागितली आहे. कच्चं तेल अडतं ते या शेवटच्या अटीत. नुसतं वजन करून पाहायचं तर लिटरला ९५० ते ९७० ग्रॅम भरायला हवं.

गिऱ्हाईक एवढं काटेकोर का, तर त्याला कार्डनॉल पुढे फॉर्माल्डिहाइडशी जोडायचं असतं. कड्यावरच्या हायड्रॉक्सिलमुळे ते फिनॉलसारखं राळ बनवतं आणि शेपटीमुळे ती राळ ठिसूळ होत नाही, पाणीही धरत नाही. गाडीच्या ब्रेक लायनिंगमधली घर्षणाची पूड अशीच बनते. मध्येच वायू सुटला तर राळेत पोकळ्या राहतात.

प्रश्न : लाकडी होडीला काजूचं तेल दोन हात लावलं. महिना झाला, अजून बोटाला चिकटतं, वर रेती बसली आहे. (मालवण)

पुन्हा तोच प्रश्न: तापवलेलं होतं का? कच्चं असेल तर ते जवळजवळ वाळतच नाही. पण तापवलेलंही जवसाच्या तेलासारखं झरझर वाळत नाही, आणि त्यात एक गंमत आहे. दोन्ही तेलं वाळतात ती हवेतला ऑक्सिजन घेऊन, दुहेरी बंध एकमेकांना जोडत. पण फिनॉल हे स्वतःच ही साखळी तोडणारं असतं. तेल खवट होऊ नये म्हणून मुद्दाम फिनॉल घालतात ते याच कारणानं. म्हणजे या रेणूची शेपटी वाळायला बघते आणि डोकं तिला अडवतं.

आता लागलेला चिकट थर टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसून काढा, रेतीसकट. घासून आत दाबू नका. लाकूड आठ-दहा दिवस उन्हात सुकू द्या. नंतर तापवलेलं तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात, रंगाच्या दुकानातला कोबाल्ट किंवा मँगनीजचा ड्रायर डब्यावरच्या मापानं, आणि हात अगदी पातळ: ब्रश ओढल्यावर लाकडाचे रेषे दिसले पाहिजेत. अर्ध्या तासानं वर राहिलेलं तेल पुसून घ्या. पहिला हात बोटाला लागेनासा झाल्याशिवाय दुसरा नको. जाड थर वरून कातडी धरतो आणि खाली ओलाच राहतो. तुमच्याकडे बहुधा हेच झालं आहे. १ जूनपासूनच्या मासेमारी बंदीसाठी होडी वर काढायचीच असते, ती थोडी आधी काढून मे महिन्याच्या उन्हात हे काम उरका. जुलैच्या दमट हवेत लावून नारळी पौर्णिमेला होडी लोटायची म्हटलं तर चिकटच लोटाल. तेलाच्या चिंध्या ढीग करून ठेवू नका, पाण्यात बुडवून टाका; वाळणारी तेलं उष्णता सोडतात आणि ढीग आपोआप पेटू शकतो.

पाण्याखालच्या भागाला हे तेल तांब्याच्या रंगाची जागा घेत नाही, लाकूड पोखरणाऱ्या किड्याला ते फार काळ रोखत नाही. फायबरच्या होडीवर किंवा लोखंडावर विचार असेल तर तेल न लावता कार्डनॉलपासून केलेला फेनाल्कमाइन हार्डनर असलेला इपॉक्सी रंग मागा. तो थंडीत आणि किंचित ओलसर पृष्ठभागावरही घट्ट बसतो, आणि समुद्री रंगांत तो वापरतात ते यासाठीच. नायलॉनच्या जाळ्यांना मात्र यातलं काहीच नको. ती पद्धत सुती जाळ्यांची होती.

प्रश्न : हापूसच्या चिकानं तोंडाच्या कडा उततात. काजूचं आणि याचं नातं आहे का? (देवगड)

सख्खं. आंबा, काजू, बिबा, चारोळी हे सगळे आम्रकुलातले. आंब्याच्या चिकात आणि सालीत कार्डॉलचाच भाऊ असतो, कडं तेच रिसॉर्सिनॉलचं, म्हणजे मध्ये एक कार्बन सोडून दोन हायड्रॉक्सिलचं, आणि शेपटी सतरा कार्बनांची. बिब्यात दोन हायड्रॉक्सिल शेजारीशेजारी असतात, त्यामुळे तो हवेत सहज क्विनोन बनतो आणि तिघांत सर्वांत जहाल ठरतो. धोब्यांची बिब्याची खूण चुन्यानं काळी आणि पक्की होते ती या क्विनोनांच्या गुंत्यामुळे. ज्याला काजूच्या टरफलानं फोड येतात त्यानं आंबा चोखून खाऊ नये, साल काढून फोडी खाव्यात. गरानं सहसा काही होत नाही.

फळावर पडणारे काळे डाग हे चिकातल्या टर्पिनांचं, म्हणजे उडून जाणाऱ्या वासाच्या तेलांचं, काम. चीक भांड्यात धरलात तर त्याचे दोन थर होतात. वरचा तेलकट थर साल जाळतो. म्हणून झेल्यानं देठ तीन ते पाच सें.मी. ठेवूनच काढा, मांडवात आणून देठ कापा आणि फळं जाळीवर उलटी ठेवा, चीक फळावर न ओघळता खाली गळेल असं. मातीवर ठेवू नका. सकाळी लवकर झाडात पाण्याचा दाब जास्त असतो, तेव्हा चीक जोरात उडतो. पण उन्हात काढलेलं फळ तापतं, तेव्हा सकाळ सोडू नका, देठ सांभाळा.

प्रश्न : टाचेच्या भेगांना काजूचं तेल लावतात, ते योग्य का? (गुहागर)

नको. वर सांगितलेल्या सॅलिसिलिक आम्लाच्या नात्यामुळे घट्ट कातडी सुटते हे खरं, पण सोबत कार्डॉल आहे आणि भेगेतून तो थेट जिवंत मांसात जातो. मधुमेह असेल तर ही जखम महागात पडते. कुरूपाच्या पट्टीत मोजून घातलेलं आम्ल असतं, टरफलात मोजमाप नाही.

प्रश्न : बाजारातून आणलेले 'कच्चे' काजू खाल्ल्यावर तोंड आलं. आणि बोंडूच्या रसानं घसा खवखवतो, तेही याच तेलानं? (रत्नागिरी)

दोन वेगळ्या गोष्टी. गराला फोडताना टरफलाचं तेल लागलं किंवा टरफलाचा कपरा मिसळला तर तोंड येतं. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात एका विक्रीतल्या काजूत टरफलाचे तुकडे राहिले होते आणि ते खाणाऱ्या अनेकांच्या अंगावर चट्टे उठले होते. तपकिरी डाग असलेला, कडवट वास येणारा गर निवडून टाका. भाजल्यानं ॲनाकार्डिक आम्ल मोडतं, पण कार्डॉलला मोडायला कार्बॉक्सिलच नाही, त्यामुळे 'भाजून घेतलं की झालं' हे अर्धंच खरं.

बोंडूचा खवखवाट मुख्यतः टॅनिनांचा. तीही फिनॉलच, पण शेपटीची नव्हेत, पाण्यात विरघळणारी. जिभेवरच्या लाळेतल्या प्रथिनांना आवळतात. अख्खी बोंडं खायची तर २ टक्के मिठाच्या पाण्यात चार-पाच मिनिटं उकळून घ्या. रसासाठी लिटरला ५ ग्रॅम साबुदाण्याची पूड थोड्या पाण्यात शिजवून, गार करून मिसळा आणि रात्रभर ठेवा. टॅनिनं गाळ होऊन बसतात. वरचा निवळ रस अलगद ओतून घ्या. पूड न शिजवता टाकली तर नुसता पिठाळ गाळ बसतो आणि खवखव तशीच राहते. रस लोखंडी भांड्यात ठेवू नका, टॅनिन आणि लोह मिळून तो शाईसारखा काळा होतो.